एकोणचाळीस अंकांचा धनी

एदुआर ल्यूका यांचा जन्म १८४२ साली फ्रान्समधील अमियाँ येथे झाला. प्रशियाविरुद्धच्या युद्धात ते तोफखान्यात होते. पुढे पॅरिसमध्ये गणिताचे शिक्षक झाले. दोनच्या १२७ व्या घातातून एक वजा केल्यास मिळणारी ३९ अंकी संख्या मूळ आहे, असे मेर्सेन यांनी १६४४ मध्ये सिद्धतेविना म्हटले होते. एकेका भाजकाने भागून पाहणे मानवी आवाक्याबाहेरचे. ल्यूका त्या वाटेला गेलेच नाहीत. तीनपासून आरंभ करून वर्ग करायचा, दोन वजा करायचे, बाकी घ्यायची. हीच क्रिया पुनःपुन्हा करून शेवटी शून्य येते का पाहायचे, अशी त्यांची कसोटी. १८७६ मध्ये मेर्सेन यांचे विधान खरे ठरले. ६७ व्या घाताबाबतचे मात्र याच पद्धतीने खोटे! १८९१ मध्ये एका मेजवानीत फुटलेल्या बशीचा तुकडा गालाला लागला आणि जखम चिघळून वयाच्या अवघ्या ४९ व्या वर्षी ते निवर्तले. त्यांच्या संख्येहून मोठी मूळ संख्या १९५१ पर्यंत कोणालाही सापडली नाही.