दीर्घिकांच्या मीलनामागील गणित मांडणारे चंद्रशेखर

चेन्नईतील वेलचेरीला लागून असलेल्या तारामणी भागात गणितीय विज्ञान संस्था आहे. १९६२ साली तिचे उद्घाटन खगोलशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी केले. तो समारंभ झाला प्रेसिडेन्सी महाविद्यालयात. त्यांचे पदवीचे शिक्षणही तिथलेच.

१९१० मध्ये लाहोर येथे जन्मलेले चंद्रशेखर मद्रासमध्ये वाढले. श्वेतबटू ताऱ्यांच्या वस्तुमानाला मर्यादा असते, हा त्यांचा निष्कर्ष १९३५ मध्ये लंडनमध्ये आर्थर एडिंग्टन यांनी भर सभेत उडवून लावला. वाद न वाढवता त्यांनी विषयच बदलला आणि शिकागो विद्यापीठात ते ताऱ्यांच्या गतीकडे वळले.

१९४३ मधील त्यांचे गतिकीय घर्षणाचे गणित आज दीर्घिकांच्या मीलनाला लागू पडते. दोन दीर्घिका एकमेकींत शिरल्या तरी त्यांतील तारे सहसा आदळत नाहीत. अंतरेच तेवढी अफाट असतात. मात्र लहान दीर्घिकेच्या मागे मोठीतील ताऱ्यांची दाटी होते, ती मागे खेचते, वेग घटतो आणि अखेर लहान दीर्घिका मोठीत विरते.

श्वेतबटूंविषयीचे ते नाकारलेले संशोधनही कालांतराने मान्य झाले. १९८३ मध्ये चंद्रशेखर नोबेलचे सहमानकरी ठरले. १९९५ मध्ये शिकागो येथे त्यांचे निधन झाले.