द्वारकानाथ ठाकूर आणि त्यांच्या घरचं ऋण



आपल्या दिंडीला शंभर वर्षं पुरी झाली. स्मरणिकेत संतांवर आणि आपल्या फडावरच्या थोर मंडळींवर लिहिणारे पुष्कळ जाणते आहेत. आम्हाला निरोप आला, बुवा, तुम्हीही चार ओळी द्या. आमची शाळा चौथीपर्यंत, हात नांगराचा आणि टाळाचा. म्हणून कीर्तनात उत्तररंगाला आख्यान लावावं तसं एक चरित्र इथं लावतो. ते संताचं नाही, एका बंगाली शेठचं आहे. पण शेवटपर्यंत ऐका, आपल्या तुकोबारायांपर्यंत ते येऊन पोचतं.

आम्ही मंडळी जगन्नाथपुरी, गंगासागर करून कलकत्त्याला उतरलो होतो, तेव्हा जोडासांको भागातला ठाकुरांचा वाडा पाहिला. आपलं जनगणमन ज्यांनी लिहिलं त्या रवींद्रनाथांचं हे घर. सगळे रवींद्रनाथांच्या खोल्या बघत होते. आमचं लक्ष त्यांच्या आजोबांच्या गोष्टीत अडकलं. गावी आल्यावर गुरुजींकडून पुस्तकं वाचून घेतली आणि मग तो माणूस आम्हाला थोडाफार उमगला.

द्वारकानाथांचा जन्म १७९४ सालचा. जन्मदाते वडील राममणी, पण थोरले चुलते रामलोचन यांना मूल नव्हतं, म्हणून त्यांच्या ओटीत घातले. दत्तक आईचं नाव अलकासुंदरी. घराणं ब्राह्मणाचं, पण पूर्वी कधीतरी बाटल्याचा ठपका लागलेलं. दुसरे ब्राह्मण त्यांच्याशी रोटीबेटी करीत नसत. संन्याशाची पोरं म्हणून आळंदीत ज्ञानोबांच्या भावंडांना काय सोसावं लागलं ते आपल्याला सांगायला नको. घरात कडक वैष्णव आचार. मांस नाही, दारू नाही, देवघरात शाळिग्राम, आणि चैतन्य महाप्रभूंच्या परंपरेतलं हरिनाम संकीर्तन. आपल्याकडे पखवाज तसा तिकडे खोळ.

रामलोचन १८०७ साली गेले. पोरगा तेरा वर्षांचा. थोडी जमीनदारी होती ती हाती आली. इंग्रजी शिकला, एका गोऱ्या बॅरिस्टराकडे बसून कायदा शिकला आणि दुसऱ्या जमीनदारांची कज्जेखटल्यांची कामं पाहू लागला. मग १८२३ च्या सुमारास कंपनी सरकारच्या मिठाच्या खात्यात, चोवीस परगण्यात, शिरस्तेदार म्हणून लागला. पुढे मीठ, अफू आणि जकात यांचं जे बोर्ड होतं त्याचा दिवाण झाला.

आता हे मिठाचं खातं म्हणजे काय ते समजून घ्या. बंगालात मीठ कुणी कुणाला सरळ विकायचं नाही. खाडीकाठचे गरीब मलंगी खारं पाणी उकळून मीठ काढायचे, ते सगळं कंपनीच्या वखारीत घालायचं, आणि कंपनी ते मनाजोग्या भावानं लिलावात काढायची. जो घाम गाळी त्याच्या हातात चिमूटभर. उसाचं वजन दुसऱ्याच्या काट्यावर केलेल्या माणसाला यातलं सगळं कळतं. अशा कचेरीत शिरस्तेदाराच्या पगारापेक्षा त्याचं वजन मोठं. अधिकारावरचा माणूस म्हटला की वारकऱ्याला मंगळवेढ्याचे दामाजीपंत आठवतात, ज्यांनी दुष्काळात सरकारी कोठारं उघडली. द्वारकानाथ दामाजीपंत नव्हते. हे पैशाची वाट ओळखणारे होते. नोकरीत असतानाच १८२९ साली युनियन बँक उभारण्यात ते पुढे होते आणि जमीनदाऱ्याही विकत घेत होते.

१८३४ साली त्यांनी ती मोठी नोकरी सोडली. घरचे, दारचे चकित झाले असतील. विल्यम कार नावाच्या गोऱ्या व्यापाऱ्याबरोबर बरोबरीच्या नात्यानं पेढी काढली, कार, ठाकूर आणि कंपनी. त्या काळात आपला माणूस साहेबाच्या पेढीत कारकून नाहीतर दलाल असायचा. इथं पाटीवर नाव होतं. १८३६ साली राणीगंजची कोळशाची खाण सत्तर हजार रुपयांना घेतली. आगबोटींना कोळसा लागतो, आणि हुगळीच्या पात्रात जहाजं ओढायला आगबोटी लागतात, म्हणून त्याही काढल्या. नीळ, रेशीम, साखर, चहा, सगळ्यात हात घातला. अफू घेऊन चीनकडे जाणाऱ्या जहाजांतही त्यांचा पैसा होता. ही गोष्ट आम्ही झाकणार नाही. शेतकऱ्याच्या रानात जबरदस्तीनं नीळ पेरायला लावत, त्या धंद्यालाही त्यांनी चांगलंच म्हटलं. जमीनदार म्हणून वसुलीला कडक होते. आम्ही कूळ असतो तर त्यांच्या नावानं बोटं मोडली असती.

पण एका रंगात माणूस रंगवून चालत नाही. राममोहन रॉय यांनी सती बंद व्हावी म्हणून जी लढाई दिली तिच्यात द्वारकानाथ पाठीशी उभे होते. वर्तमानपत्रांना मोकळीक असावी म्हणून सरकारशी भांडले. १८३५ साली कलकत्त्याला वैद्यकीय कॉलेज निघालं, तिथल्या पोरांना त्यांनी बक्षिसं लावली. १८३८ साली जमीनदारांची सभा काढली, ती आपल्या देशातल्या पहिल्या राजकीय सभांपैकी एक मानतात. कारण काय झालं, कंपनीनं माफीच्या जमिनींची, म्हणजे आपल्याकडच्या इनामासारख्या जमिनींची, तपासणी काढून त्यांच्यावर सारा बसवायला सुरुवात केली. सभा जमीनदारांच्या फायद्याचीच होती हे खरं, पण अर्ज करून, सभा भरवून सरकारला जाब विचारायची रीत त्यातून पडली.

आता घरातलं सांगतो. पत्नी दिगंबरीदेवी. नवऱ्याच्या बेलगाछियाच्या बंगल्यात गोऱ्या लोकांच्या मेजवान्या व्हायच्या, मांस आणि दारू चालायची. त्या घरी असं सांगतात की माउलीनं एकदा जाऊन डोळ्यांनी पाहिलं आणि मग शास्त्री बोलावले, की आता मी काय करू. त्यांनी सांगितलं, सेवा कर पण सहवास सोड. तिनं तसंच केलं. नवऱ्याशी कामापुरतं बोलायची आणि बोलल्यावर गंगाजळानं स्नान करायची, थंडी असो की रात्र असो. १८३९ साली ती गेली. आमच्या घरच्या मंडळींना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, आंघोळ त्यानं करायला पाहिजे होती.

आणि म्हातारी अलकासुंदरी! तिचा शेवट जवळ आला तेव्हा द्वारकानाथ उत्तरेत फिरतीवर होते. रीतीप्रमाणे तिला गंगेच्या घाटावर नेलं. तिला जायचं नव्हतं. माझा मुलगा घरी असता तर तुम्ही मला उचलू शकला नसता, अशा अर्थाचं ती बोलली. तीन रात्री ती तिथं होती. शेजारी नातू देवेंद्रनाथ बसलेला, श्रीमंताचा लाडात वाढलेला पोरगा. शेवटच्या आदल्या रात्री तिच्यासाठी हरिनाम चाललं होतं. चांदणं, वारा आणि ते नाम, यानं त्या पोराला असा आनंद झाला की ऐश्वर्याची किंमतच उतरली. करोडोंचा व्यवहार बाप करीत होता, आणि पोराला घाटावरच्या चटईवर दुसरंच भांडवल मिळालं.

द्वारकानाथ १८४२ साली स्वतःच्या आगबोटीनं विलायतेला गेले. राणी व्हिक्टोरियाच्या पंक्तीला जेवले. १८४५ साली पुन्हा गेले, तेव्हा वैद्यकी शिकायला चार बंगाली पोरं बरोबर निघाली, त्यांतल्या दोघांचा खर्च यांनी केला. तिकडून मुलाला पत्र लिहून रागावले, की तू इस्टेटीकडे बघत नाहीस. १ ऑगस्ट १८४६ ला लंडनलाच देह ठेवला. वय बावन्न. तिथंच मातीत पुरले. गंगाकाठचा वैष्णव, ना गंगा मिळाली ना अग्नी.

दीड वर्षात सगळं कोसळलं. युनियन बँक बुडाली, १८४८ च्या सुरुवातीला पेढी बंद. देणं सुमारे एक कोटी, येणं सत्तर लाख. तीस लाखांची तूट. द्वारकानाथ हुशार, त्यांनी १८४० सालीच काही जमीनदाऱ्या विश्वस्तांच्या नावे बांधून ठेवल्या होत्या. कायद्यानं सावकारांचा त्यावर हात पोचत नव्हता. देवेंद्रनाथांनी सावकारांपुढे उभं राहून सांगितलं, तीही घ्या. गाड्याघोडे गेले, सामानसुमान लिलावात गेलं, ताटातले पदार्थ कमी झाले. सावकारांनाच गहिवरून आलं, त्यांनी मुदत दिली. मग वर्षानुवर्षं फेडत देवेंद्रनाथांनी सगळं देणं फेडलं. वडिलांनी धर्मादाय संस्थेला एक लाख द्यायचं कबूल केलं होतं, तेही व्याजासकट भरलं.

आमच्या वडिलांनी १९७२ च्या दुष्काळात विहिरीसाठी कर्ज काढलं होतं. विहिरीला पाणी लागलं नाही आणि वडीलही राहिले नाहीत. कागद कच्चा होता, नाही म्हटलं असतं तर कुणी काही करू शकलं नसतं. थोरल्या भावानं दोन बैल विकले. त्या दिवशी आई जेवली नाही, पण त्याला अडवलंही नाही. म्हणून जोडासांकोच्या अंगणात उभं राहून हे ऐकताना आम्हाला ते परकं वाटलं नाही.

तुकोबारायांचंही दुकान दुष्काळात बसलं होतं. त्यांनी दुसऱ्यांकडून येणं होतं ती खतं इंद्रायणीत सोडली. देवेंद्रनाथांनी दुसऱ्यांचं देणं होतं ते एकेक करून चुकतं केलं. दोन्हीकडे वह्या कोऱ्या झाल्या.

या देवेंद्रनाथांचे दुसरे चिरंजीव सत्येंद्रनाथ. कलेक्टर-जज्जांची जी विलायतेतली परीक्षा, ती पास होणारे ते पहिले भारतीय, साल १८६३. आजोबा शिरस्तेदार होते त्याच साहेबांच्या राज्यात नातू जज्ज झाला. नेमणूक झाली ती मुंबई इलाख्यात. तीसेक वर्षं इकडेच काढली, आपल्या सोलापूर-साताऱ्यालाही होते. मराठी शिकले, तुकोबांची गाथा वाचली आणि त्यातले अभंग बंगालीत नेले. पुढच्या खेपेला कलकत्त्याला गेलो की त्या वाड्याच्या अंगणात, परवानगी काढून, तुकोबांचा एक अभंग आपल्या चालीवर म्हणायचा असं आम्ही मंडळींनी ठरवलं आहे. टाळ बरोबर घ्या.