कै. डॉ. वसंत रामजी खानोलकर : चरित्र व आपणांस बोध

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी एका थोर व्यक्तीचे चरित्र द्यावयाचे, असा प्रघात आहे. संत, समाजसुधारक व देशभक्त यांची चरित्रे पूर्वीच्या अंकांतून येऊन गेली. यंदा हे काम आमच्याकडे आले, तेव्हा आम्ही एका वैद्यकशास्त्रज्ञाचे नाव सुचविले. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले, जोगेश्वरीच्या एका शाळेत हयात घालविलेले निवृत्त शिक्षक. वैद्यकावर लिहिण्याचा अधिकार आमच्यापाशी नाही. तथापि डॉ. खानोलकर यांनी ज्या विषयांत आयुष्य वेचले, त्यांपैकी एक आमच्याच कुटुंबात संकटरूपाने उभा राहिला आणि त्याने आमचे डोळे उघडले. म्हणून हे धाडस.

वसंत रामजी खानोलकर यांचा जन्म दि. १३ एप्रिल १८९५ रोजी झाला. वैद्यकाच्या उच्च शिक्षणासाठी ते विलायतेस गेले व १९२३ साली लंडन विद्यापीठाची एम. डी. ही पदवी त्यांनी संपादन केली. त्यांचा विषय विकृतिशास्त्र. रोग्याच्या शरीरातील बिघडलेला भाग सूक्ष्मदर्शकाखाली पाहून रोगाचे मूळ शोधावयाचे, असे हे शास्त्र आहे. यात रोगी बरा केल्याचे श्रेय पदरी पडत नाही व धनप्राप्तीही बेताचीच. परत आल्यावर खाजगी व्यवसायाची वाट न धरता त्यांनी अध्यापन पत्करले. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात व परळच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात त्यांनी विकृतिशास्त्राचे प्राध्यापक म्हणून काम केले.

दि. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. तेथील प्रयोगशाळांची व संशोधनाची धुरा डॉ. खानोलकर यांच्याकडे आली. कर्करोग हा पाश्चात्यांचा रोग असून आपल्याकडे तो विरळा, असा समज त्या काळी बराच पसरलेला होता. रुग्णालयात येणाऱ्या रोग्यांची नीट मोजदाद केली असता तो टिकण्याजोगा नव्हता. मुंबईतील मुखकर्करोगाच्या ओळीने १००० रोग्यांचा आढावा त्यांनी १९४४ साली प्रसिद्ध केला.

पुढच्याच वर्षी डॉ. सूर्याबाई यांच्यासह त्यांनी जो निबंध प्रसिद्ध केला, तो आम्हांस विशेष मननीय वाटतो. लोकांच्या चालीरीतींशी निगडित असे कर्करोगाचे तीन नवे प्रकार त्यात वर्णिले होते. आंध्र किनाऱ्याकडील लोक चुट्टा नावाची विडी पेटते टोक तोंडात धरून ओढतात. त्यांना टाळूचा कर्करोग होतो. बिहार व उत्तर प्रदेशाकडील लोक तंबाखू व चुना मळून ती खैनी खालच्या ओठाच्या आत धरून ठेवतात. त्यांना नेमका तेथेच होतो. आणि धोतर कमरेला वर्षानुवर्षे एकाच जागी घट्ट आवळल्याने तेथील कातडी घासून घासून अखेर तेथे कर्करोग उद्भवतो. म्हणजे रोगाचे ठिकाण पाहून माणसाची चाल ओळखता येते, आणि चाल बदलली तर तो रोग टळू शकतो. १९५५ साली डॉ. एल. डी. संघवी व अन्य सहकाऱ्यांसह त्यांनी तंबाखू ओढणे व चघळणे यांचा घशाच्या व अन्ननलिकेच्या कर्करोगाशी असलेला संबंध आकडेवारीने मांडला. आज तंबाखूच्या पुडीवर छापलेली भयसूचना आपण पाहतो. आपल्या देशात तिच्यामागे जे संशोधन आहे, त्याच्या पायाचे काही दगड परळच्या या प्रयोगशाळेत बसविले गेले.

मुंबईत अनेक जातीधर्मांचे लोक एकाच हवापाण्यात राहतात. तरीही पारशी स्त्रियांत स्तनाचा, तर हिंदू स्त्रियांत गर्भाशयमुखाचा कर्करोग अधिक आढळतो, हेही त्यांनी दाखवून दिले. असे का व्हावे? विवाहाचे वय, मुलांची संख्या, आहार व राहणी ही कारणे दिसतच होती. पण रक्तातच काही भेद आहे काय, हा प्रश्न उरत होता. त्याचा छडा लावण्यासाठी डॉ. संघवी व डॉ. खानोलकर यांनी मुंबईतील सहा ज्ञाती निवडल्या. आपसांतच विवाह करणाऱ्या या सहा ज्ञातींतील लोकांची सात आनुवंशिक लक्षणे तपासून त्यांनी ती माहिती प्रसिद्ध केली. स्वातंत्र्यप्राप्तीनंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतील ही गोष्ट.

या संशोधनाचे तात्पर्य ज्ञातिमंडळाच्या सभासदांनी नीट समजून घ्यावे. पिढ्यान्‌पिढ्या आपसांतच विवाह केल्याने रक्तगटांचे प्रमाण ज्ञातीज्ञातींत थोडेफार निराळे होते, हे खरे. परंतु ए, बी, एबी व ओ हे चारही गट सर्वत्र आढळतात. अमुक गट अमक्याच ज्ञातीचा, असे कोठेही नाही. रक्ताच्या थेंबावरून कोणाचीही ज्ञात सांगता येत नाही. ज्ञातीने घातलेले विवाहाचे कुंपण मात्र रक्तावर आपली खूण ठेवते.

१९५२ साली परळ येथेच भारतीय कर्करोग संशोधन केंद्राची स्थापना झाली व डॉ. खानोलकर त्याचे संचालक झाले. कुष्ठरोगाविषयीही त्यांचे संशोधन मोलाचे आहे. या रोगाचे जंतू आरंभापासून त्वचेतील मज्जातंतूंचा आश्रय कसा करतात, याचा त्यांनी सूक्ष्म अभ्यास केला. त्यांच्या शिष्या डॉ. कमल रणदिवे यांनी याच केंद्रात ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. तेथे १९५८ साली कुष्ठरोग्याच्या गाठीतून जे जंतू वाढविण्यात आले, त्यांपासून पुढे शरीराची प्रतिकारशक्ती जागी करणारी लस तयार झाली. दक्षिण भारतात झालेल्या मोठ्या चाचणीचा निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाला. त्यात या लसीने सुमारे ६५ टक्के संरक्षण दिल्याचे आढळले. तो दिवस पाहण्यास डॉ. खानोलकर हयात नव्हते. पण बी त्यांच्या केंद्रात पेरले गेले होते.

मानसन्मान त्यांना पुष्कळ लाभले. १९६० ते १९६३ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. भारत सरकारने त्यांना पद्मभूषण हा किताब दिला व राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक नेमले. अणुकिरणांच्या परिणामांचा विचार करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीवर ते भारताचे प्रतिनिधी होते. दि. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांचे निधन झाले.

आता आमच्या घरची हकीकत. ती सांगताना लाज वाटते. पण सांगितल्यावाचून या लेखास अर्थ नाही.

आमच्या थोरल्या भगिनीचा मुलगा व आमच्या बंधूंची कन्या यांचा विवाह आम्हीच पुढाकार घेऊन जुळविला. मामाची मुलगी करणे ही आपल्याकडील जुनी चाल. घरचे घरात राहते, म्हणून सर्वांना आनंद झाला. या दांपत्याची मुलगी काही वर्षांपूर्वी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी, जोगेश्वरीस, आली. तिच्या कागदावर रक्तगट ओ असा होता. प्रसूतीच्या वेळी रक्तस्राव फार झाला व रक्त देण्याची पाळी आली. ओ गटाच्या बाटल्या आल्या; पण कोणतेही रक्त तिच्या रक्ताशी जुळेना. प्रत्येक वेळी गुठळ्या होत. अखेर नमुना परळला धाडण्यात आला, तेव्हा कळले की तिचा गट ओ नसून तो बॉम्बे गट या नावाने ओळखला जाणारा दुर्मीळ गट आहे.

हा गट डॉ. य. म. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ साली परळच्या के. ई. एम. रुग्णालयात शोधून काढला. शाळेतील मुलांना सांगावे तसे सांगतो. आपल्या तांबड्या पेशींवर एच नावाचे एक द्रव्य असते; ते जोते समजावे. त्या जोत्यावर ए किंवा बी ही भिंत उभी राहते. ओ गटाच्या माणसाकडे भिंत नसते, पण जोते असतेच. बॉम्बे गटाच्या माणसाकडे जोतेच नसते, कारण ते बांधणारे विकर त्याच्या शरीरात तयार होत नाही. त्यामुळे एच हे द्रव्य त्याच्या शरीराला परके वाटते, आणि ओ गटाच्या रक्तावरही त्याची प्रतिकारशक्ती तुटून पडते. एरव्ही हा मनुष्य पूर्णपणे निरोगी असतो. रक्त घेण्याची वेळ आली म्हणजेच अडचण. मुंबईत सुमारे दहा हजारांत एक असा हा गट, तर युरोपात दहा लाखांत एक.

हा दोष आईकडून एक व बापाकडून एक असा दोन्हीकडून आला, तरच प्रकट होतो. आईबाप स्वतः निर्दोष दिसतात, परंतु दोघांच्याही अंगी तो सुप्त असेल तर दर अपत्यामागे चारांत एक वेळ तो उघड होण्याचा संभव असतो. परक्या दोन कुटुंबांत एकच दुर्मीळ दोष असणे कठीण. एकाच आजाआजींच्या नातवंडांत मात्र ते सहज घडते. डॉ. भाटिया व डॉ. संघवी यांनी १९६२ साली बॉम्बे गट व नात्यातील विवाह यांचा संबंध दाखविणारा निबंध लिहिला होता. आम्ही लग्न जुळविले ते त्यानंतर कितीतरी वर्षांनी. पण आम्ही पाहिले ते पत्रिकेतील गुण. थॅलेसेमिया, तसेच लहान मुलांच्या शरीरात अन्नाचे नीट रूपांतर न होऊ देणारे अनेक दुर्मीळ आनुवंशिक रोग याच चारांत एक या हिशेबाने येतात, आणि त्यांत तर मूल जन्मतःच दुःख घेऊन येते. आयुष्यभर आम्ही मुलांना अपूर्णांक शिकविले. हा एक अपूर्णांक आम्हांस घरात शिकावा लागला.

सुदैवाने त्याच गटाचा एक दाता मिळाला. रात्री लांबून येऊन त्याने रक्त दिले व बाळबाळंतीण वाचली. तो कोणत्या ज्ञातीचा, हे आमच्यापैकी कोणी विचारले नाही. विचारण्याचे सुचलेही नाही. पुढे मुलीच्या भावाचे रक्त तपासले, तर त्याचाही गट तोच निघाला. आता निरोप येईल तेव्हा तो पश्चिम रेल्वेने प्रभादेवीस उतरून परळला जातो व रक्त देऊन येतो. आमच्या चुकीची एवढी भरपाई तरी होत आहे.

ज्ञातिबंधुभगिनींनो, डॉ. खानोलकर यांनी आपल्या चालीरीतींची निंदा केली नाही वा स्तुतीही केली नाही. त्या शरीरावर काय परिणाम करतात, एवढे त्यांनी मोजून पाहिले. त्यांच्यापासून आपण घेण्यासारखे तेच आहे. आमची मंडळास नम्र सूचना आहे की, आपल्या वधूवर सूचक केंद्राच्या अर्जात गोत्र व पत्रिका यांच्या जोडीला रक्ततपासणीचा रकाना असावा. जवळच्या नात्यातील विवाहास उत्तेजन देऊ नये. आणि दरवर्षीच्या रक्तदान शिबिरात सभासदांच्या रक्तगटांची नोंदवही ठेवावी. या कामी जोगेश्वरी शाखेची नोंदवही लिहिण्याचे काम आम्ही आनंदाने पत्करू. अक्षर अजून बरे आहे.