डोंगरीची जेनाबाई

मोहाची दारू व तिने बुडविलेले संसार आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कोणास ठाऊक नाहीत? शेजारचा वर्धा जिल्हा 1975 पासून व गडचिरोली जिल्हा 1993 पासून कायद्याने दारूबंदीखाली आहे. तशीच बंदी येथेही व्हावी म्हणून आपल्याकडील बायांनी पुष्कळदा मोर्चे काढले आहेत. परंतु दारू गाळणाऱ्यांत व विकणाऱ्यांतही बाया असतात, आणि त्या ह्या धंद्यापर्यंत कशा येतात ह्याचा विचार आपण क्वचितच करितो. म्हणून एके काळी मुंबईत दारूवाली ह्याच नावाने गाजलेल्या जेनाबाईचे चरित्र येथे थोडक्यात देत आहो. हुसेन झैदी व जेन बोर्जेस ह्यांनी 2011 साली प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी पुस्तकात तिची हकिकत आली आहे, तिच्याच आधारे पुढील वृत्तान्त सांगितला आहे.

जेनाबाईचे मूळ नाव झैनब. मुंबईच्या डोंगरी भागात एका मेमन मुसलमान कुटुंबात, 1920 नंतरच्या दशकाच्या आरंभी, तिचा जन्म झाला. अगदी लहान वयात तिचे लग्न झाले. तिचा नवरा लाकडाचा व्यापार करी. ते दिवस स्वातंत्र्याच्या चळवळीचे होते. मोहल्ल्यातील ही तरुण सून सभा-मिरवणुकींस जाई, आणि पोलिसांपासून लपणाऱ्या हिंदू कार्यकर्त्यांस आसरा देई. ह्याबद्दल तिला नवऱ्याचा मार खावा लागे, तरी तिने आपला क्रम सोडला नाही, असे सांगतात. निर्भयपणा, माणसे जोडण्याची हातोटी व गुप्त गोष्ट पोटात ठेवण्याची शक्ती हे गुण तिच्या ठायी तेव्हापासूनच होते. पुढे वाईट कामी आले तेही हेच गुण होत.

1947 साली देशाची फाळणी झाली. नवऱ्याने पाकिस्तानात जाण्याचे ठरविले. ज्या भूमीसाठी आपण मार खाल्ला ती सोडून जाण्यास जेनाबाई राजी होईना. तेव्हा तो एकटाच निघून गेला, आणि पाच लेकरांसह ती मागे राहिली. तिला शिक्षण नव्हते आणि हाती पैसाही नव्हता. महायुद्धाच्या काळी, 1943 साली, मुंबईत धान्याचे रेशनिंग सुरू झाले होते व टंचाई अजून सरली नव्हती. पोटासाठी जेनाबाईने चोरट्या बाजारातील तांदूळ विकण्यास आरंभ केला. लेकरांच्या तोंडी घास पडावा म्हणून तिने कायद्याची मर्यादा प्रथम ओलांडली. अशा पहिल्या पावलाचे समर्थन मनाला फार सोपे जाते, आणि दुसरे पाऊल टाकिताना तितकाही विचार करावा लागत नाही.

ते दुसरे पाऊल दारूचे होते. मुंबई राज्यात 1949 साली दारूबंदीचा कायदा झाला. अमेरिकेत 1920 पासून 1933 पर्यंत जो अनुभव आला होता तोच येथे आला. कायद्याने दुकाने बंद झाली, पण पिणाऱ्याची तहान गेली नाही. काळा गूळ व नवसागर घालून चोरून दारू गाळली जाऊ लागली, आणि तिच्या नफ्यावर मोठमोठ्या टोळ्या पोसल्या गेल्या. धान्याच्या व्यवहारातून ओळखीपाळखी झालेली जेनाबाई ह्या व्यापारात शिरली व थोड्याच काळात श्रीमंत झाली. एकदा ती पकडली गेली आणि तेव्हापासून दारूवाली हे नाव तिला कायमचे चिकटले. परंतु तुरुंगाच्या भयाने तिचा धंदा सुटला नाही. तिने पोलिसांशीच संधान बांधिले. इतरांच्या चोरट्या मालाची खबर ती त्यांस देई, त्याबद्दल बक्षीस घेई, आणि तिच्या स्वतःच्या मालाकडे काणाडोळा होई. कायदा राखणारा व मोडणारा ह्यांचे असे सख्य जमले म्हणजे कायदा कागदावरच उरतो.

पुढे वसंतराव नाईक ह्यांच्या कारकिर्दीत दारूबंदी सैल झाली. हे आपल्याच पुसद तालुक्यातील गहुलीचे. 1963 पासून 1975 पर्यंत ते मुख्यमंत्री होते. दारूच्या पैशावर वाढलेल्या टोळ्या मात्र विरल्या नाहीत; त्या इतर चोरट्या मालाकडे वळल्या. हाजी मस्तान तिचा सल्ला घेई आणि दाऊद इब्राहिम तिला मावशी म्हणे. पठाणांची टोळी व दाऊदची टोळी ह्यांच्यात समेट घडविण्याच्या कामी तिची मसलत उपयोगी पडली, असे सांगतात. तो समेट टिकला नाही. 1981 साली दाऊदच्या थोरल्या भावाचा खून झाला आणि मुंबईत रक्तपाताचे सत्र सुरू झाले.

ह्या आगीची झळ जेनाबाईच्याही घराला लागली. तिचा तरुण मुलगा मारला गेला. सूड घेण्यास माणसे तिच्या शब्दाची वाट पाहत होती. तिने तो शब्द दिला नाही. मारणाऱ्यालाही लेकरे असतात, ती पोरकी करून आपला मुलगा परत येणार नाही, हे तिने ओळखले. त्यानंतर तिचे मन धंद्यावरून उडाले. ती प्रार्थनेत व धर्मकृत्यांत वेळ घालवू लागली, आणि हिंदू-मुसलमानांत तंटा झाला म्हणजे दोहोंकडे जाऊन समजूत घालू लागली. परंतु 1992 च्या डिसेंबरात व 1993 च्या जानेवारीत मुंबईत भयंकर दंगली झाल्या. मागून 12 मार्च 1993 रोजी बॉम्बस्फोट होऊन 257 माणसे मेली, आणि त्या कटाचा सूत्रधार म्हणून तिला मावशी म्हणणाऱ्याचेच नाव पुढे आले. त्याच दशकात जेनाबाई वारली.

ह्या बाईच्या धैर्याचे कौतुक करिताना एक गोष्ट विसरता कामा नये. ज्या मजुरांची कमाई तिच्या दारूत गेली त्यांच्या बायकामुलांची चरित्रे कोणी लिहिली नाहीत. चोरट्या दारूचा घात आजही थांबलेला नाही. 2015 साली मुंबईतील मालवणी येथे विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. 2021 साली टाळेबंदीत दारू मिळेना, तेव्हा आपल्याच वणी येथे काही माणसे हात धुण्याचे सॅनिटायझर पिऊन प्राणास मुकली. बंदी पाहिजेच, परंतु पिणाऱ्याची तहान व विकणाऱ्याची भूक ह्या दोहोंकडे कोणी पाहिले नाही तर एकटी बंदी काय करील?

वाचकहो, 1947 साली पाच लेकरांसह टाकून दिलेल्या त्या बाईच्या दाराशी एखादा शेजारी पायलीभर धान्य व चार दिवसांचे काम घेऊन गेला असता, तर तिचे आयुष्य कोणत्या वाटेने गेले असते? आपल्या गावातही नवऱ्याने टाकलेल्या बाया आहेत, आणि कर्जापायी ज्यांच्या धन्याने जीव दिला अशा विधवाही आहेत. त्यांची चूल पेटते की नाही ह्याची चौकशी आपण वेळीच केली पाहिजे. आपण गेलो नाही, तर भट्टीवाला जाईल.