ज्यूलिया मार्गरेट कॅमेरॉन

शेवटच्या इयत्तेंतील मुलें शाळा सोडतांना त्यांचा फोटो घेण्याचा प्रघात आतां सर्वत्र आहे. सर्वजण ताठ बसतात, आणि चित्र अगदीं स्पष्ट येतें. परंतु जी मुलगी उद्यां स्वतःच्या हिंमतीवर जगांत पाऊल टाकणार, तिचा स्वभाव त्यांत उतरतो काय? ज्या बाईंनीं आपल्या आयुष्याचीं अखेरचीं वर्षें चेहऱ्यांमागील माणूस शोधण्यांत वेंचलीं, त्यांचें हें अल्प चरित्र आहे.

ज्यूलियाबाईंचा जन्म ता. ११ जून १८१५ रोजीं कलकत्त्यास झाला. १८३८ सालीं त्यांचा विवाह चार्लस हे कॅमेरॉन ह्या कायदेपंडितांशीं झाला. हे गृहस्थ मेकॉलेसाहेबांबरोबर हिंदुस्थानच्या कायदेमंडळीच्या कामांत होते. १८४८ सालीं हें कुटुंब विलायतेस गेलें व १८६० पासून वाइट बेटावर फ्रेशवॉटर येथें राहूं लागलें. मुलें मोठीं झालीं. यजमान सिलोनांत कॉफीच्या मळ्यांवर गेलेले. तेव्हां एकटेपणांत विरंगुळा म्हणून मुलीनें व जांवयानें १८६३ च्या डिसेंबरांत बाईंना एक कॅमेरा भेट दिला. वय ४८! दुसऱ्या कोणीं ती पेटी फडताळांत ठेवून दिली असती.

बाईंनीं कोळशाच्या कोठीची अंधारी खोली केली, आणि कोंबड्यांना मोकळें सोडून त्यांच्या खुराड्याचें कांचगृह बनविलें. त्या काळीं फोटो घेणें म्हणजे मोठे कष्टच. कांचेवर कलोडियन नांवाचा चिकट द्रव ओतावयाचा, ती रुप्याच्या क्षाराच्या पाण्यांत बुडवावयाची, ओली असतांनाच कॅमेऱ्यांत घालावयाची व वाळण्यापूर्वीं धुवून काढावयाची. बाईंचे हात काळे पडत. बसणाऱ्यास कित्येक मिनिटें निश्चल राहावें लागे. पहिलें चित्र एका शेतकऱ्याचें. त्यावर बाईंचाच हात फिरला व तें पुसून गेलें! १८६४ च्या जानेवारींत ॲनी फिल्पॉट ह्या लहान मुलीस त्यांनीं आर्जवें करून स्थिर बसविलें, आणि चित्र साधलें. जणूं तें त्या मुलीनेंच काढलें, अशा आनंदानें तिला देण्याजोग्या वस्तु धुंडाळीत त्या घरभर हिंडल्या. त्याच दिवशीं चौकटींत बसवून तें तिच्या वडिलांस दिलें.

पुढें टेनिसन, कार्लाइल, हर्शेल, डार्विन असे थोर पुरुष त्यांच्यापुढें बसले. धंदेवाईक फोटोग्राफरांनीं मात्र नाकें मुरडलीं. चित्रें अंधुक, कांचेवर चरे व बोटांचे ठसे! ठशांविषयींचा आक्षेप अगदींच खोटा नव्हता. परंतु अंधुकपणा बाईंनीं जाणून राखिला होता. मुद्रा सुंदर दिसली कीं भिंग तेथेंच थांबवावयाचें, ही त्यांची रीत. टीकेनें ती बदलली नाहीं.

आम्हांस सर्वांत मोलाचें वाटतें तें १८६७ सालचें त्यांच्या भाचीचें चित्र. ज्यूलिया जॅक्सन हिचाहि जन्म कलकत्त्याचा. वय तेव्हां २१. एरवीं बाई तरुणींना राण्यांचीं व साध्वींचीं सोंगें देत. येथें तसें कांहीं नाहीं. अर्धा चेहरा उजेडांत, अर्धा अंधारांत, आणि ती सरळ आपल्याकडे पाहते आहे. मोठ्या शास्त्रज्ञास जो मान दिला, तोच ह्या मुलीस दिला आहे. ही पुढें लेखिका व्हर्जिनिया वुल्फ हिची आई झाली.

१८७५ सालीं कॅमेरॉन दंपती सिलोनास गेलीं. तेथें १८७७ सालीं देशोदेशीं एकटी फिरून फुलाझाडांचीं चित्रें रंगविणारी मेरिआन नॉर्थ भेटीस आली, तेव्हां बाईंनीं तिचे केंस सोडून, अंगावर काश्मिरी वस्त्र घालून तिला नारळीच्या झावळ्यांत उभें केलें. झावळ्या तिच्या डोक्यास टोंचत होत्या, पण सुटका नव्हती. ता. २६ जानेवारी १८७९ रोजीं ज्यूलियाबाई वारल्या. बोगवंतलावा येथें डोंगराळ मुलुखांत त्यांची कबर आहे.