अन्नशुद्धीचा सरकारी पहारेकरी : डॉ. हार्वे वायली

तांदळातील खडा सुपात दिसतो आणि पिठातील कोंडा चाळणीत उरतो. परंतु दुधात विरघळलेले किंवा लोण्यात मुरलेले द्रव्य कोणत्याही गृहिणीला पाखडून काढता येत नाही. ते डोळ्यांना दिसत नाही, आणि पुष्कळदा जिभेलाही कळत नाही. अशा ठिकाणी तिला सर्वस्वी दुसऱ्या कोणाच्या तरी डोळ्यांवर विसंबावे लागते. ते डोळे म्हणजे सरकारी प्रयोगशाळेतील रसायनशास्त्रज्ञाचे. या पेशाला लोकसेवेची प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्या एका अमेरिकन संशोधकाचे चरित्र ज्ञातिबंधुभगिनींना सादर करण्याचे योजिले आहे. हे संशोधक म्हणजे डॉ. हार्वे वॉशिंग्टन वायली होत.

वायली यांचा जन्म १८ ऑक्टोबर १८४४ रोजी अमेरिकेच्या इंडियाना राज्यातील केंट या खेड्याजवळ, एका ओंडक्यांच्या शेतघरात झाला. वडील शेतकरी व धर्मोपदेशक असून गुलामगिरीचे कट्टर विरोधक होते. घरी श्रीमंती नव्हती. परंतु विद्येविषयी आदर होता. हॅनोव्हर कॉलेजात शिकत असतानाच यादवी युद्ध चालू होते. १८६४ मध्ये तरुण हार्वेने काही काळ सैन्यात नोकरी केली आणि परत येऊन १८६७ मध्ये पदवी घेतली. १८७१ मध्ये ते वैद्यकाची परीक्षा उत्तीर्ण झाले. पण वैद्यकीचा धंदा त्यांनी कधीच केला नाही. त्यांचे मन रसायनशास्त्राकडे ओढ घेत होते. हार्वर्ड येथे त्यांनी १८७३ मध्ये विज्ञानाची पदवी संपादन केली, आणि पुढच्याच वर्षी नव्याने सुरू झालेल्या पर्ड्यू विद्यापीठात रसायनशास्त्राचे पहिले प्राध्यापक म्हणून ते रुजू झाले. इंडियाना राज्याचे रसायनशास्त्रज्ञ हे पदही त्यांच्याकडेच आले.

१८७८ मध्ये ते जर्मनीस गेले. बर्लिन येथे प्रख्यात रसायनशास्त्रज्ञ हॉफमान यांची व्याख्याने त्यांनी ऐकली आणि तेथील सरकारी अन्नप्रयोगशाळेत साखरेचे पृथक्करण करण्याची विद्या आत्मसात केली. शर्करेच्या द्रावणातून ध्रुवित प्रकाश गेला असता तो किती वळतो, यावरून त्या द्रावणातील शर्करेची जात व प्रमाण ठरविता येते. त्यासाठी लागणारे ध्रुवणमापक यंत्र त्यांनी सोबत आणले. त्या यंत्राखाली त्यांनी बाजारातील मध आणि पाक तपासले, तेव्हा मधाच्या नावाखाली ग्लुकोजचा पाक सर्रास विकला जात असल्याचे उघड झाले. १८८१ मध्ये ही माहिती राज्याच्या आरोग्यमंडळाने प्रसिद्ध केली. भेसळीविरुद्धच्या त्यांच्या झुंजीचा प्रारंभ येथे झाला. त्यांचा स्वभाव मात्र रुक्ष पंडिताचा नव्हता. गुडघ्यापर्यंतची विजार घालून ते उंच चाकाच्या सायकलीवरून हिंडत आणि विद्यार्थ्यांबरोबर बेसबॉल खेळत. प्राध्यापकाला हे शोभत नाही, अशी समज विद्यापीठाच्या विश्वस्तांनी त्यांना दिल्याचे प्रसिद्ध आहे.

१८८३ मध्ये वायली वॉशिंग्टन येथे केंद्र सरकारच्या कृषिखात्याचे मुख्य रसायनशास्त्रज्ञ झाले. त्या काळी अमेरिकेत औद्योगिक शहरे झपाट्याने वाढत होती. शेत आणि स्वयंपाकघर यांमध्ये शेकडो मैलांचे अंतर पडले होते, आणि त्या अंतरात अन्न नासू नये म्हणून कारखानदार नाना द्रव्ये मिसळीत होते. मांसात व लोण्यात टाकणखार, दुधात फॉर्मल्डिहाइड, हिरव्या वाटाण्याचा रंग टिकावा म्हणून मोरचूद, सुक्या मेव्यावर गंधकाचा धूर, असा तो प्रकार होता. कोणत्या द्रव्याचे प्रमाण किती असावे, याचे बंधन नव्हते; डब्यावर त्याचा उल्लेख करण्याचेही बंधन नव्हते. वायली व त्यांचे सहकारी यांनी १८८७ पासून अन्नपदार्थांच्या भेसळीवर एकामागून एक अहवाल प्रसिद्ध केले. दूध, मसाले, मद्य, डबाबंद भाज्या यांपैकी काहीही त्यांच्या तपासणीतून सुटले नाही. विधिमंडळात मात्र अन्नशुद्धीची विधेयके वर्षानुवर्षे येत आणि हितसंबंधी लोकांच्या विरोधामुळे बारगळत. प्रत्येक वेळी प्रश्न एकच निघे, तो असा की या द्रव्यांनी माणसाला अपाय होतो याला पुरावा काय?

या प्रश्नाला उत्तर देण्यासाठी वायली यांनी १९०२ मध्ये जो प्रयोग आरंभिला, त्याने त्यांचे नाव अजरामर केले. विधिमंडळाने त्यासाठी ५,००० डॉलर मंजूर केले. खात्याच्या इमारतीच्या तळघरात स्वयंपाकघर आणि भोजनगृह थाटण्यात आले. १२ निरोगी तरुण स्वयंसेवक निवडले गेले. त्यांपैकी बहुतेक खात्यातलेच कर्मचारी होते. मोबदला म्हणजे तीन वेळचे फुकट जेवण, एवढाच. त्या जेवणाबाहेर त्यांनी काही खावयाचे नाही, अशी अट होती, आणि अपाय झाल्यास सरकारकडे भरपाई मागणार नाही, असे त्यांनी लिहून दिले होते. प्रथम काही दिवस शुद्ध अन्न, नंतर विशिष्ट द्रव्य घातलेले अन्न, आणि शेवटी पुन्हा शुद्ध अन्न, असा क्रम असे. प्रत्येकाचे वजन, नाडी व उष्णता यांची नोंद होई. मलमूत्राचेही पृथक्करण होई. प्रारंभी टाकणखार लोण्यात घालून दिला गेला. पण तो कशात आहे हे ओळखून तरुण लोणीच टाळू लागले. तेव्हा तो कॅप्सूलमध्ये भरून उघडपणे देण्यात आला. वृत्तपत्रांनी या मंडळींना विषपथक असे नाव दिले आणि त्यांच्यावर विनोदी गाणीही रचली गेली.

हा प्रयोग सुमारे ५ वर्षे चालला. टाकणखारानंतर सॅलिसिलिक आम्ल, गंधकयुक्त द्रव्ये, बेंझोइक आम्ल, फॉर्मल्डिहाइड अशा क्रमाने पाळी आली. डोकेदुखी, मळमळ, पोटात दुखणे, अन्नावरील वासना उडणे आणि वजन घटणे ही लक्षणे वारंवार दिसली. काही वेळा तर प्रकृती बिघडल्यामुळे प्रयोग मुदतीपूर्वी थांबवावा लागला. या निरीक्षणांनी खुद्द वायली यांचेही मत पालटले. पूर्वी ते म्हणत की, काय मिसळले आहे हे डब्यावर खरेपणाने छापले म्हणजे पुरे. घ्यावे की न घ्यावे हे गिऱ्हाईक ठरवील. आता त्यांची खात्री झाली की, सुदृढ तरुणांची ही गत होते, तर बालके, वृद्ध आणि आजारी माणसे यांचा निभाव लागणार नाही. तेव्हा अशी द्रव्ये अन्नात असताच कामा नयेत.

पुरावा हाती आला, तरी कायदा होण्यास लोकमताचे बळ लागते. वायली यांनी गावोगावी व्याख्याने दिली. स्त्रियांच्या मंडळांनी हा प्रश्न आपला मानून विधिमंडळाकडे पत्रांचा आणि अर्जांचा वर्षाव केला. १९०६ मध्ये अप्टन सिंक्लेअर यांच्या कादंबरीने शिकागोच्या मांसकारखान्यांतील घाण लोकांपुढे मांडली आणि जनक्षोभ उसळला. अखेर ३० जून १९०६ रोजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी शुद्ध अन्न व औषध कायद्यावर स्वाक्षरी केली. १ जानेवारी १९०७ पासून तो अमलात आला आणि त्याच्या अंमलबजावणीत वायली यांच्या खात्याला प्रमुख स्थान मिळाले.

सामान्य चरित्रकार येथे यशोगाथा संपवील. परंतु वायली यांची खरी कसोटी येथून पुढे लागली. कायदा करणाऱ्यांनाच त्याची धार सोसवेना. १९०८ मध्ये राष्ट्राध्यक्षांसमोर सॅकरिनचा विषय निघाला. मक्याच्या डब्यांत साखरेऐवजी सॅकरिन घालणे ही फसवणूक असून ते प्रकृतीस अपायकारक आहे, असे वायली यांनी विचारले नसतानाच सांगून टाकले. रूझवेल्ट स्वतः वैद्याच्या सल्ल्याने रोज सॅकरिन घेत असत! ते संतापले. लौकरच वायली यांच्या निष्कर्षांची फेरतपासणी करण्यासाठी तज्ज्ञांचे एक मंडळ नेमले गेले. त्याचे अध्यक्षपद आयरा रेमसन यांना देण्यात आले. १८७९ मध्ये ज्यांच्या प्रयोगशाळेत सॅकरिनचा शोध लागला, तेच हे रेमसन. त्या मंडळाने १९०९ मध्ये अल्प प्रमाणातील सोडियम बेंझोएट निरुपद्रवी असल्याचा निर्वाळा दिला. कृषिमंत्री जेम्स विल्सन यांच्याशीही वायली यांचे पटेनासे झाले.

१९०९ मध्ये कोका-कोलाची पिंपे जप्त करून सरकारने खटला भरला. पेयात घातलेले कॅफीन अपायकारक आहे, असा वायली यांचा आग्रह होता. १९११ मध्ये चॅटानूगा येथे सुनावणी झाली आणि खालच्या न्यायालयात सरकार हरले. १९१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला, आणि पुढे तडजोड होऊन कंपनीने कॅफीनचे प्रमाण कमी केले. दरम्यान, एका बाहेरच्या तज्ज्ञाला नियमापेक्षा अधिक मेहनताना देण्याची व्यवस्था केली, या आरोपावरून १९११ मध्ये वायली यांनाच पदावरून घालविण्याचा घाट घालण्यात आला. चौकशीअंती राष्ट्राध्यक्ष टॅफ्ट यांनी त्यांना दोषमुक्त केले. परंतु हात बांधलेल्या स्थितीत खुर्ची अडवून बसणे त्यांना मानवले नाही. १५ मार्च १९१२ रोजी, २९ वर्षांच्या सेवेनंतर, त्यांनी राजीनामा दिला.

त्यांचा गृहस्थाश्रमही उशिरा सुरू झाला. फेब्रुवारी १९११ मध्ये, वयाच्या ६६ व्या वर्षी, अ‍ॅना केल्टन या विदुषीशी त्यांचा विवाह झाला आणि त्यांना दोन पुत्र झाले. अ‍ॅनाबाई स्त्रियांच्या मताधिकाराच्या कडव्या पुरस्कर्त्या होत्या. १९१७ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानासमोर निदर्शने केल्याबद्दल त्यांना अटकही झाली. वायली यांनी सरकारी नोकरी सोडली, तरी व्रत सोडले नाही. ‘गुड हाउसकीपिंग’ या गृहिणींच्या मासिकाची प्रयोगशाळा त्यांनी चालविली आणि अन्नविषयक लेखन अखेरपर्यंत केले. ३० जून १९३० रोजी, कायद्यावर स्वाक्षरी झाल्याच्या बरोबर २४ व्या वाढदिवशी, त्यांचे निधन झाले. त्यांचेच खाते पुढे अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासन म्हणून ओळखले जाऊ लागले. १९५६ मध्ये कायद्याच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त त्यांचे टपाल तिकीट निघाले.

थोर पुरुषाचे चरित्र लिहिताना त्याच्या उणिवा झाकणे हे त्याच्या शास्त्राशी प्रतारणा करण्यासारखे होय. विषपथकात माणसे थोडी होती आणि काळ अल्प होता. आपण काय खात आहोत हे त्यांना ठाऊक असल्यामुळे मनाचा परिणाम शरीरावर किती झाला, हे वेगळे काढता येत नव्हते. उलट, कोका-कोलाच्या बाजूने हॅरी हॉलिंगवर्थ यांनी कॅफीनवर जे प्रयोग केले, त्यांत औषध कोणते आणि नुसती कॅप्सूल कोणती हे घेणाऱ्याला कळत नसे. प्रयोगाची ती रीत अधिक निर्दोष होती. सोडियम बेंझोएट आणि कॅफीन ही दोन्ही द्रव्ये अमेरिकेत ठरावीक मर्यादेत आजही चालतात. टाकणखार आणि फॉर्मल्डिहाइड यांच्याविषयी मात्र वायली यांचा इशारा खरा ठरला. प्रत्येक निष्कर्षापेक्षा मोठी होती ती त्यांची मूळ भूमिका. नवे द्रव्य निर्धोक आहे हे दाखविण्याची जबाबदारी ते मिसळणाऱ्यावर असली पाहिजे, खाणाऱ्याने आजारी पडून ते सिद्ध करावयाचे नाही. अमेरिकेच्या कायद्यात हे तत्त्व नव्या अन्नद्रव्यांच्या बाबतीत १९५८ मध्ये उतरले. तोवर त्यांना जाऊन २८ वर्षे झाली होती.

हा विषय आपल्याही दारातला आहे. भारतात अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा १९५४ मध्ये झाला आणि २०११ पासून त्याची जागा २००६ च्या अन्नसुरक्षा व मानके कायद्याने घेतली. तरीही २०१८ मध्ये गोव्याच्या मासळीत फॉर्मलिन असल्याच्या संशयावरून केवढे वादळ उठले, हे वाचकांच्या स्मरणात असेल. वायली यांच्या भोजनगृहात शंभर वर्षांपूर्वी तपासले गेलेले द्रव्य तेच!

आपल्या मंडळाच्या कुटुंबांतील अनेक मुलेमुली आज रसायनशास्त्राच्या पदव्या घेत आहेत. मोठ्या पगाराच्या कारखान्याकडे त्यांची दृष्टी जाणे स्वाभाविक आहे. परंतु सरकारी प्रयोगशाळेतील नमुन्याच्या बाटलीवर केलेली एक प्रामाणिक सही सहस्रावधी अनोळखी घरांतील ताटे राखू शकते, हेही त्यांनी ध्यानात ठेवावे. ती सही करताना वरिष्ठांची भीड न धरणाऱ्या आणि स्वतःच्या खुर्चीचा मोह न बाळगणाऱ्या डॉ. वायली यांच्या स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन.