जॉर्ज ब्रफ

जॉर्ज ब्रफ (जन्म : २१ एप्रिल, १८९०, नॉटिंगहॅम, इंग्लंड, मृत्यू : १९७०) हे ब्रिटिश मोटारसायकल निर्माते, अभिकल्पक आणि शर्यतपटू होते. त्यांनी स्थापन केलेल्या 'ब्रफ सुपीरियर' या कंपनीने १९१९ ते १९४० या काळात सुमारे तीन हजार मोटारसायकली बनविल्या. वेग, महाग किंमत आणि लखलखीत धातूकाम यांमुळे या गाड्या 'मोटारसायकलींतील रोल्स-रॉइस' म्हणून ओळखल्या जात. गाडीच्या धातूच्या भागांची जिल्हई ही ब्रफ यांच्या दृष्टीने केवळ सजावट नव्हती, तर कारागिरीची साक्ष होती. त्यांची कीर्ती आणि त्यांच्यावरील टीका या दोन्हींच्या मुळाशी हीच गोष्ट आहे.

प्रारंभिक जीवन

जॉर्ज यांचे वडील विल्यम एडवर्ड ब्रफ हे नॉटिंगहॅम येथे मोटारसायकली बनवीत असत. जॉर्ज हे त्यांचे धाकटे पुत्र. किशोरवयातच ते वडिलांच्या गाड्यांवर स्वार होऊन लांब पल्ल्याच्या चाचण्यांत भाग घेऊ लागले. लंडन ते एडिंबरा या प्रतिष्ठेच्या चाचणीत १९१० ते १९१२ अशी सलग तीन वर्षे त्यांनी यश मिळविले. या चाचण्यांत खराब रस्ते, पाऊस व चिखल यांतून गाडी नेऊन ती धडधाकट परत आणावी लागे. गाडीचा कोणता भाग प्रथम ढिला होतो आणि कोणता आधी गंजतो, याचे ज्ञान त्यांना याच प्रवासांत झाले.

ब्रफ सुपीरियरची स्थापना

पहिल्या महायुद्धानंतर पिता-पुत्रांत मतभेद झाले. वडिलांचा कल समोरासमोर आडवे सिलिंडर असलेल्या इंजिनाकडे होता. जॉर्ज यांना 'व्ही' आकाराच्या दोन सिलिंडरांचे मोठे इंजिन वापरून, किमतीची फिकीर न करता, उत्तमोत्तम गाडी बनवायची होती. १९१९ मध्ये ते वेगळे झाले आणि त्यांनी नॉटिंगहॅममधील हेडन रोड येथे स्वतःचा कारखाना काढला. एका मित्राच्या सूचनेवरून त्यांनी आपल्या गाडीला 'ब्रफ सुपीरियर', म्हणजे श्रेष्ठ ब्रफ, असे नाव दिले. वडिलांची गाडी आपोआपच कनिष्ठ ठरविणारे हे नाव वडिलांना रुचले नाही. पुढे काही वर्षांतच वडिलांचा व्यवसाय बंद पडला.

निर्मितीची पद्धत

ब्रफ सुपीरियरचे बहुतेक मुख्य भाग बाहेरून येत. इंजिने प्रामुख्याने जे.ए.पी. आणि पुढे मॅचलेस या कंपन्यांची असत, तर गियरबॉक्स स्टर्मी-आर्चर कंपनीचा असे. त्यामुळे ब्रफ हे निर्माते नसून केवळ जुळणी करणारे आहेत, अशी टीका त्यांच्यावर होई. ब्रफ यांचे उत्तर त्यांच्या कामातून दिसते. भागांची काटेकोर निवड, ग्राहकाच्या शरीरयष्टीनुसार हँडलबार व बैठकीची रचना, चाचणी आणि अंतिम सफाई या गोष्टी त्यांनी स्वतःच्या हाती ठेवल्या. प्रत्येक गाडी दोनदा जोडली जाई. प्रथम सर्व भाग नीट बसतात का हे पाहण्यासाठी ती उभी केली जाई. मग ती पूर्ण सुटी करून भागांना रंग अथवा धातूचा मुलामा दिला जाई आणि त्यानंतर शेवटची जुळणी होई. या पद्धतीमुळे मुलामा दिल्यानंतर कानस किंवा हातोडी वापरण्याची वेळ येत नसे.

त्या काळी इंग्लंडमधील मोटारसायकलींची पेट्रोलची टाकी चपटी असून सांगाड्याच्या दोन नळ्यांमध्ये दडलेली असे. ब्रफ यांनी वरच्या नळीवर खोगिरासारखी बसणारी, पुढून गोलाकार आणि निकेलचा मुलामा दिलेली टाकी वापरली. ही चकचकीत टाकी ब्रफ सुपीरियरची खूण ठरली. पुढे इतर निर्मात्यांनीही अशा आकाराच्या टाक्या स्वीकारल्या.

'स्पिट अँड पॉलिश'

१९२२ मध्ये ब्रफ यांनी स्वतःसाठी एक शर्यतीची गाडी तयार केली. शर्यतीच्या गाड्या सामान्यतः तेलकट व ओबडधोबड असत. ब्रफ यांची गाडी मात्र प्रदर्शनात मांडावी इतकी स्वच्छ असल्याने शर्यतीच्या वर्तुळात तिला 'स्पिट अँड पॉलिश' हे नाव पडले. सैनिकांना बूट व बक्कल घासून चमकविण्याची जी शिस्त लावली जाते, तिला इंग्रजीत हा शब्दप्रयोग आहे. या नावात कौतुकाइतकीच चेष्टाही होती. त्याच वर्षी ब्रुकलँड्सच्या धावपट्टीवर या गाडीने ताशी १०० मैलांहून (सुमारे १६१ किमी) अधिक वेगाने फेरी पूर्ण केली. साइड-व्हॉल्व्ह प्रकारच्या इंजिनाने हा टप्पा गाठण्याची ही पहिलीच वेळ होती. पहिल्या महायुद्धाच्या काळात गाजलेल्या एका व्यंगचित्रातील सैनिकावरून या गाडीला नंतर 'ओल्ड बिल' असे नाव मिळाले.

प्रमुख मोटारसायकली

या यशातून एसएस८० ही गाडी विक्रीस आली. ती ताशी ८० मैल (सुमारे १२९ किमी) वेग गाठेल, अशी हमी ग्राहकाला दिली जाई. १९२४ मध्ये सादर झालेल्या एसएस१०० या गाडीबरोबर ताशी १०० मैलांची हमी मिळे. तिची किंमत सुमारे १७० पौंड होती व सामान्य कामगाराला ती परवडणारी नव्हती. १९२८ मध्ये फ्रान्समधील आर्पाजों येथे ब्रफ यांनी स्वतः ताशी १३० मैलांहून (सुमारे २१० किमी) अधिक वेग गाठला.

१९३० च्या दशकाच्या प्रारंभी ऑस्टिन मोटारीचे चार सिलिंडरांचे इंजिन आणि मागे जोडचाके असलेली गाडी त्यांनी सादर केली. तिच्या केवळ दहाच्या आसपास प्रती बनल्या. १९३८ च्या लंडन येथील प्रदर्शनात 'गोल्डन ड्रीम' ही सोनेरी रंगाची चार सिलिंडरांची गाडी मांडण्यात आली. पण युद्धामुळे तिचे उत्पादन होऊ शकले नाही.

रोल्स-रॉइसशी तुलना

'मोटारसायकलींतील रोल्स-रॉइस' हे विशेषण एका मोटारसायकल नियतकालिकाने दिले आणि ब्रफ यांनी ते जाहिरातीत वापरले. याविषयी एक कथा सांगितली जाते. रोल्स-रॉइस कंपनीचे प्रतिनिधी या वापराची शहानिशा करण्यासाठी हेडन रोडच्या कारखान्यात आले. त्या दिवशी कामगार पांढरे हातमोजे घालून गाड्या जोडत होते. ते पाहून प्रतिनिधींचे समाधान झाले आणि हरकत घेतली गेली नाही. प्रत्यक्षात त्या गाड्या प्रदर्शनासाठी तयार होत होत्या आणि जिल्हई केलेल्या धातूवर बोटांचे ठसे उमटू नयेत म्हणून हातमोजे घातले गेले होते, असे या कथेत पुढे येते.

जिल्हई आणि निगा

ब्रफ सुपीरियरची चमक टिकविणे हे मालकासाठी नित्याचे काम होते. सुरुवातीच्या गाड्यांवरील निकेलचा मुलामा किंचित पिवळसर, उबदार झाक असलेला असे. मात्र कोळशाच्या धुरातील गंधकयुक्त वायू आणि दमट हवा यांमुळे निकेलवर मळकट थर चढतो. तो काढण्यासाठी धातूचे पॉलिश व मऊ कापड वापरावे लागे. अशा पॉलिशमध्ये सूक्ष्म घर्षक कण असल्याने प्रत्येक वेळी मुलाम्याचा थोडा अंश झिजतो. कडा व उंचवटे यांवरील मुलामा सर्वांत आधी विरळ होतो आणि खालचा धातू उघडा पडतो. अती घासणे हे न घासण्याइतकेच हानिकारक ठरे.

१९२० च्या दशकाच्या अखेरीस क्रोमियमचा मुलामा देण्याचे तंत्र कारखान्यांत पोहोचले आणि ब्रफ यांनीही ते स्वीकारले. क्रोमियम निळसर चमकते आणि निकेलसारखे मळत नाही. परंतु त्याचा थर अतिशय पातळ असून तो निकेलच्या थरावर दिलेला असतो. त्यातील सूक्ष्म छिद्रांतून व भेगांतून पाणी पोलादापर्यंत पोहोचल्यास आतून गंज धरतो आणि मुलामा पापुद्र्यासारखा सुटतो. म्हणून क्रोमियमचे भाग सौम्य साबणाच्या पाण्याने धुऊन लगेच कोरडे करणे आणि त्यांवर मेणाचा हात फिरविणे हिताचे असते. ॲल्युमिनियमचे इंजिनाचे कवच पुन्हा वेगळे असते. त्याला तीव्र क्षारयुक्त द्रव व मीठ सोसत नाही. धूर बाहेर नेणाऱ्या नळीवर उष्णतेने येणारी निळसर-तपकिरी छटा साध्या धुण्याने जात नाही.

'लॉरेन्स ऑफ अरेबिया' या नावाने प्रसिद्ध असलेले टी. ई. लॉरेन्स हे ब्रफ यांचे सर्वांत ख्यातनाम ग्राहक होते. त्यांनी एकापाठोपाठ सात ब्रफ सुपीरियर वापरल्या व आठवीची मागणी नोंदविली होती. त्यांनी आपल्या गाडीसाठी खास स्टेनलेस स्टीलची टाकी करवून घेतली होती. या धातूला मुलाम्याची गरज नसल्याने मुलामा झिजण्याचा प्रश्नच उरत नसे. मे १९३५ मध्ये एसएस१०० चालवीत असताना झालेल्या अपघातानंतर लॉरेन्स यांचे निधन झाले.

उत्तरायुष्य

दुसऱ्या महायुद्धात मोटारसायकलींचे उत्पादन १९४० मध्ये थांबले. कारखान्यात रोल्स-रॉइसच्या मर्लिन या विमान इंजिनाचे भाग बनू लागले. पूर्वी ज्या कंपनीच्या नावाची केवळ उपमा मिळाली होती, तिच्यासाठी आता प्रत्यक्ष अचूक काम केले जात होते. युद्धानंतर ब्रफ यांच्या कसोटीस उतरेल असे इंजिन बाजारात मिळेना. कमी दर्जाची गाडी काढण्यापेक्षा त्यांनी मोटारसायकलींचे उत्पादन पुन्हा सुरू न करणे पसंत केले. १९७० मध्ये त्यांचे निधन झाले.

वारसा

बनलेल्या गाड्यांपैकी सुमारे एक तृतीयांश आजही अस्तित्वात असल्याचे मानले जाते. एकविसाव्या शतकात ब्रफ सुपीरियर या नावाने फ्रान्समधील तुलूझ येथे पुन्हा मोटारसायकलींची निर्मिती सुरू झाली. २०१६ मध्ये इंग्लंडमधील कॉर्नवॉल परगण्यात अनेक दशके पडून राहिलेल्या आठ ब्रफ सुपीरियर लिलावात विकल्या गेल्या. त्या गंजलेल्या व काही अंशी सुट्या झालेल्या होत्या. तरीही त्यांतील ऑस्टिन इंजिनाच्या १९३८ च्या एका गाडीला ३,३१,९०० पौंड मिळाले.

अशा गाड्यांचे जतन करताना एक पेच उभा राहतो. जुना मुलामा उतरवून नवा चढविल्यास गाडी ब्रफ यांना अभिप्रेत होती तशी चमकते, पण हेडन रोडच्या कामगारांनी दिलेला मूळ पृष्ठभाग कायमचा नष्ट होतो. मूळ मुलामा राखल्यास कारागिरीचा पुरावा उरतो, पण ज्या चकाकीमुळे ही गाडी ओळखली गेली ती हरवते. त्यामुळे काही संग्राहक गाड्या संपूर्ण नव्यासारख्या करतात, तर काही जण केवळ गंज थांबवून त्या आहेत तशा ठेवतात.